आबा जमालपूरला नव्हते

आबा, माझे वडील, गेले ४ फेब्रुवारी २०२४ला, रविवारी पहाटे. दहाव्याला गावच्या चौकात फ्लेक्स लागला. पदकं लावलेले आबा, मागं तिरंगा, तिरंग्यामागं रणगाडा (आबा पायदळातले, रणगाड्याला त्यांनी कधी हातही लावला नसेल) आणि खाली ठळक अक्षरांत: ‘नामवंत कबड्डीपटू, समाजसेवक, १९७१च्या युद्धातील जमालपूरचे वीर’. तो वाचताना मला रडू आलं, अभिमानही वाटला. तेव्हाच ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आत आबांची एक छोटी स्मरणिका काढायची. तीस-बत्तीस पानं, चार फोटो, जमलं तर मे महिन्यात.

मे कुठला, अकरा महिने लागले. घरात कुणी माजी सैनिक गेलं असेल आणि तुमच्याही मनात असं काही असेल, तर मी कुठं कुठं अडले ते आधी कळलेलं बरं, म्हणून हे लिहितेय.

पहिले दोन महिने स्मरणिकेचं नावही निघालं नाही, सगळा वेळ कागदांत गेला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ग्रामपंचायतीत चौथ्याच दिवशी केली. मुदतीत नोंद झाली तर विलंब शुल्क नाही. महिना उलटला तर परवानगीचे कागद लागतात आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. दाखल्याच्या दहा प्रती एकदमच घ्या. आम्ही तीन घेतल्या आणि पुढं दोनदा हेलपाटा मारला.

दुसरं काम बँकेला कळवण्याचं. दुःखात हे सुचत नाही, पण निवृत्तिवेतन खात्यावर जमा होत राहिलं तर नंतर ते परत भरावं लागतं. आबांचं निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या सैन्याच्या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीवर आलेलं होतं, त्यामुळे तिथंही मृत्यूची नोंद करून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं होतं. जवळच्या सेवा केंद्रातल्या मुलानं अर्ज भरून दिला आणि शेवटच्या पानावर गाडी थांबली. आबांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या नोंदींच्या वहीत, आईच्या नावापुढं ‘बाई’ नाही, आधारवर आहे. लग्न झालं तेव्हा पलटणीतल्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं असणार. दोन अक्षरांपायी १०० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र, टायपिंग, नोटरी असे साडेचारशे रुपये आणि नऊ आठवडे गेले. एका कार्यालयात तर ‘ह्या दोन बाया नाहीत कशावरून?’ असं विचारलं. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, ‘एकच हाय, पर दोघींचं काम केलंय.’ साहेब हसला, सही मात्र पुढच्या सोमवारी झाली.

तेव्हा आई-वडील धडधाकट असतानाच डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि आधार शेजारी ठेवून नावं, जन्मतारखा जुळतात का ते बघून घ्या. न जुळल्यास माणूस असताना दुरुस्ती पुष्कळ सोपी जाते.

पैसे ऑगस्टमध्ये सुरू झाले, थकबाकीसह. आता दर नोव्हेंबरात आईच्या हयातीचा दाखला.

स्मरणिकेची खरी सुरुवात झाली ट्रंकेपासून. मेमध्ये मी पंधरा दिवस गावी होते. माळ्यावरची आबांची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं घातलेला नंबर आणि नाव, तात्यांनी खाली काढून दिली. आत डांबरगोळ्यांचा वास. एक हिरवी मफलर, कबड्डीच्या संघाचे दोन फोटो, पोस्टकार्डांचा गठ्ठा, ब्रासोचा वाळलेला डबा, डिस्चार्ज बुक, आणि रुमालात बांधलेली चार पदकं.

पदकांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. आपल्या सैन्याच्या पदकांच्या कडेवर त्या जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. आबा दर २६ जानेवारीच्या आदल्या रात्री ती ब्रासोनं घासत. तीस-पस्तीस वर्षं घासून कडेवरची अक्षरं इतकी झिजली होती की मी मोबाइलचा टॉर्च आडवा धरून, एकेक आकडा वहीत उतरवून घेतला. (तुमच्याकडे असतील तर आता घासू नका. कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो काढून ठेवा.) डिस्चार्ज बुकात पदकांची यादी होती तीच ही चार: संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक, सैन्य सेवा पदक आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदक.

मी तोवर स्मरणिकेचं पहिलं प्रकरण लिहूनही टाकलं होतं. आबांची पलटण म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण, १७६८ सालची. डिसेंबर १९७१मध्ये ती पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. ब्रिगेडियर एच. एस. क्लेर यांनी शरणागतीसाठी पाठवलेल्या चिठ्ठीला समोरच्या बलूच पलटणीच्या अधिकाऱ्यानं उत्तरादाखल चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली, ही गोष्ट आमच्या गावात शेंबडं पोर सांगतं. रात्री वेढा फोडून निघालेल्या शत्रूला मराठ्यांनी रस्त्यावर अडवलं आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. गावाच्या आवृत्तीत त्या रस्त्यावर, मशिनगनमागं, आमचे आबा असत.

पण पूर्वेकडच्या आघाडीवर जे होते त्यांना ‘पूर्वी स्टार’ मिळाला. आबांच्या रुमालात तो नव्हता. यादीतही नव्हता.

हरवला असेल, असं आधी वाटलं. मग यादीत राहून गेला असेल, असं वाटलं. मग डिस्चार्ज बुकातल्या तारखा पुन्हा वाचल्या. भरती मे १९७१. पुढच्या ओळी अर्धवट पुसलेल्या, पाण्याचा डाग पडलेला. ती वही मी मिटली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जूनमध्ये गेले. तिथल्या बाईंनी, म्हणजे आतापर्यंत भेटलेल्या सगळ्या कार्यालयांत सर्वांत शांतपणे बोलणाऱ्या व्यक्तीनं, नोंदवही काढून दाखवली. तिथं नोंद निवृत्तीनंतरची असते; नोकरीतल्या बदल्यांचा तपशील हवा असेल तर तो पलटणीच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे आमच्या बाबतीत बेळगावला. त्यांनीच सांगितलं की पत्र वारसाच्या, म्हणजे आईच्या सहीनं पाठवा, मुलीच्या नको. मी ते अर्धंच ऐकलं. २४ जूनला माझ्या सहीनं पत्र रवाना, रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह, खर्च पन्नासच्या आत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर: अर्ज पत्नीच्या सहीनं करावा. अडीच महिने पाण्यात. दुसऱ्या अर्जाला आईची सही, मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांच्या आणि निवृत्तिवेतन आदेशाच्या प्रती जोडल्या, आणि वर मोठ्या अक्षरांत आबांचा आर्मी नंबर. नाव चुकलं तर चालतं म्हणतात, नंबर चुकला की तुमचा माणूस सापडत नाही.

मधल्या काळात बाकीचं गोळा करत होते.

जन्मतारखेसाठी शाळेत गेले. जनरल रजिस्टरात आबांचा जन्म १ जून १९५२. त्या पानावर ओळीनं अकरा मुलं, त्यातली नऊ १ जूनला जन्मलेली. गुरुजींचा हिशेब साधा होता. पण आमची आजी सांगायची ते वेगळं. तिचं माहेर कराडजवळ. खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधून कांस्यपदक घेऊन आले आणि गोळेश्वरला बैलगाड्यांची ती मोठी मिरवणूक निघाली, तेव्हा आजी बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि बांधावर उभी राहून ती बघत होती, आबा पोटात. ऑलिम्पिक झालं जुलैमध्ये. मग १ जून कसा धरायचा? स्मरणिकेत मी लिहिलं: ‘जन्म १९५२, शाळेच्या दाखल्यावर १ जून, आजीच्या हिशेबानं खाशाबांच्या मिरवणुकीनंतर.’ अशा वेळी दोन्ही छापून मोकळं व्हावं.

कबड्डीसाठी जिल्ह्याच्या गावी जुन्या वाचनालयात चार शनिवार बसले. जुनी वर्तमानपत्रं पुठ्ठ्यात बांधलेली, पानं कुरकुरीत, झेरॉक्सला बंदी पण फोटो काढायला हरकत नाही. तोंडाला मास्क लावा, मी पहिल्या शनिवारी शिंकून शिंकून हैराण झाले. ‘महाराष्ट्राकडून खेळलेले’ असं सगळे सांगत. सापडली ती १९७०च्या जानेवारीतली चार ओळींची बातमी: तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या गावचा संघ उपविजेता, उजव्या कोपऱ्याला आबांचं नाव, आडनावाचं एक अक्षर गाळून. त्यापलीकडं काही नाही. राज्याच्या संघात त्यांचं नाव कुठंही मिळालं नाही. पलटणीच्या संघातून मात्र ते सात वर्षं खेळले, ट्रंकेतले दोन फोटो त्याचेच. एका फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली नावं टाइप केलेली आहेत आणि आबांच्या गुडघ्याला पट्टा दिसतो.

आबांसोबत गावच्या संघात खेळलेले एक अण्णा अजून आहेत. त्यांना ‘आबा कसे खेळायचे?’ असं विचारलं तर ‘लई भारी’ यापुढं काही मिळेना. दुसऱ्या खेपेला तो फोटो हातात दिला. अण्णांनी चष्मा पुसला, फोटो बघितला, आणि खुर्चीतून उठून मला अंगणात ओढत नेलं. पायानं मातीत रेघ मारली. ‘ही मध्यरेषा. तू चढाई. ये.’ मी गेले. आणि ७४ वर्षांच्या त्या माणसानं खाली बसत माझ्या घोट्याला जो हात घातला, तो सुटेचना. ‘असं. बघत कुठं नव्हता तो. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा आणि हात पायाला. ज्यानं पायाकडं बघितलं त्याची पकड सुटली.’ म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी घ्यायच्या तर प्रश्न कमी आणि वस्तू जास्त घेऊन जा. सकाळी जा, जेवणानंतर नको. आणि फोनवर रेकॉर्डिंग लावायच्या आधी पंख्यापासून दूर बसा. माझे दोन तास नुसते पंख्याचे आहेत.

खटाव तालुक्यातल्या सुभेदार काकांचा पत्ता पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात मिळाला. आबांच्याच पलटणीतले, त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. ऑगस्टच्या शेवटी भावाला घेऊन गेले. काकांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि ते उत्तर द्यायचे. इकडचं-तिकडचं झालं. मग मी पाटीवर लिहिलं: ‘जमालपूर. आबा?’

काका पाटीकडं बघत राहिले.

‘तो नंतर आला पोरी. त्यो तवा बेळगावला, सेंटरवर, रंगरूट. त्याची कसम परेड झाली, मग आला. आम्ही परत आलो तवा बराकीत खाटा मोकळ्या होत्या. त्यातली एक त्याला मिळाली.’

कुणाची खाट ते त्यांनी सांगितलं. नाव मी इथं लिहीत नाही. शेजारच्या तालुक्यातला मुलगा, आबांहून दोनच वर्षांनी मोठा. खाटेखाली त्याची वहाण तशीच होती, ती नव्या पोरानं बाजूला कशी करावी म्हणून आबा पहिली रात्र जमिनीवर झोपले होते.

परतताना गाडीत भाऊ म्हणाला, ‘हे तात्यांना कोण सांगणार?’

मी तेव्हा ते तसंच ठेवलं आणि दुसऱ्या प्रकरणाकडं वळले. आणि खरं सांगते, ज्या माणसाला मी ओळखत होते तो मला युद्धाच्या आणि कबड्डीच्या पानांत सापडलाच नाही, तो इथं सापडला. आबा १९८९ला हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा मी सात वर्षांची. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबरची पहाट. आबा आणि पंचक्रोशीतले आणखी काही माजी सैनिक ट्रकमध्ये फावडी, पहारी, घोंगड्या भरून गेले आणि एकोणीस दिवसांनी आले. परत आल्यावर ते काहीही बोलले नाहीत. फक्त आमच्या घराची दगडमातीची मागची भिंत त्यांनी त्याच दिवाळीत उतरवली.

२०१६च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली ती राज्यातल्या तीन तालुक्यांत, त्यात आमचा कोरेगाव. पहिला आला वेळू, आमचंच तालुक्यातलं गाव. आमच्या गावाला काही मिळालं नाही. आबा तेव्हा शाळेच्या हिशेबानं ६४. पहाटे साडेपाचला शिट्टी वाजवत गल्लीतून जायचे. ए-फ्रेमनं समपातळी काढायची, फक्कीनं रेघ मारायची आणि सलग समतल चर खणायचे. लोक शिट्टीला शिव्या द्यायचे आणि मागोमाग यायचे. त्या चरांचे माझ्याकडे फोटो आहेत, पण कुठल्याही फोटोत आबा नाहीत. शेवटी मी चरांचाच फोटो छापला.

आणि भरतीची पोरं. गावाबाहेरच्या माळावर आबांनी वीस-बावीस वर्षं पोरं पळवली. एक पैसा घेतला नाही. त्यांच्या वह्या कपाटात सापडल्या, पाठीमागं पाढे असलेल्या शाळेच्या वह्या, एकूण सतरा. प्रत्येक पानावर तारीख, मुलाचं नाव आणि सोळाशे मीटरची वेळ. भरतीला साडेपाच मिनिटांत आलं की पैकीच्या पैकी गुण, त्यामुळे ५.३० ही ओळ लाल शाईनं. वेळेपुढं शेरे. ‘५.५२. बूट नाही.’ ‘६.१०. रात्री जागला, ऊस.’ ‘५.४१. पहिल्या चक्करला पळतो, मग मरतो.’ ‘५.३३. आईला भेटणे.’ एका मुलाच्या नावापुढं सलग तीन पानं काहीच नाही, मग ‘वडील वारले. बोलावून आणणे’, आणि दोन आठवड्यांनी ‘५.२८’. मी त्या वह्यांची सगळी पानं फोटो काढून ठेवली, १,१०० च्या वर झाली. त्यातली बारा पानं स्मरणिकेत आहेत तशी छापली, वर काही न लिहिता. फोटो काढताना खिडकीजवळ बसा, फ्लॅश बंद ठेवा. आणि पेन्सिलीचा मजकूर आधी घ्या, तोच आधी जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर विधानसभेच्या निवडणुकीत गेला. १५ ऑक्टोबरपासून आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात गेलं की खुर्ची रिकामी आणि ‘साहेब इलेक्शन ड्युटीवर’. बेळगावचं पत्र मात्र त्याच गडबडीत, २६ नोव्हेंबरला आलं. एक पान. त्यात फेब्रुवारी १९७२मध्ये प्रशिक्षण केंद्रातून पहिल्या बटालियनमध्ये रुजू, अशी ओळ. डिस्चार्ज बुकातल्या डागाखाली हेच असणार.

त्या रविवारी सगळे जमले. मी पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, स्मरणिकेत जमालपूरचं प्रकरण नसेल. तात्या भडकले. ‘पन्नास वर्षं गाव म्हणतंय ते खोटं? मेलेल्या माणसाचा मान काढून घेतीस?’ मी म्हटलं, आबांनी कधी सांगितलं नाही, लोकांनी सांगितलं. तात्या म्हणाले, ‘मग नाही तरी कुठं म्हणाला?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. मलाही तो प्रश्न मेपासून खात होता.

आई चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, ‘म्हणूनच स्टेजवर जायचे न्हाईत.’

आणि मग मला दिसलं. २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणावर माइकवरून ‘जमालपूरचे वीर’ पुकारलं जायचं आणि आबा शेवटच्या रांगेत, लहान पोरांच्या मागं, हात मागं बांधून उभे. ‘या, या’ झालं की हातानंच नको म्हणायचे. आम्ही त्याला साधेपणा म्हणायचो. आई पुढं म्हणाली, ‘एकदा सांगितलं व्हतं हेडमास्तरला. मास्तर म्हणला, आबा, तुम्ही लई साधं. दुसऱ्या वर्षी पुन्यांदा तेच.’

तात्या काही बोलले नाहीत. चहा न घेता उठले. त्यांच्या बाजूनं इतकं सांगते: तो फ्लेक्स त्यांनी स्वतःच्या पैशानं लावला होता.

छपाईला १६ डिसेंबरला दिलं. ३२ पानं, ३०० प्रती, जुळणीसह १४,४०० रुपये. पैसे आम्ही तिघा भावंडांनी घातले. मुद्रितशोधन तीन वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या. आमच्याकडं दोघांनी वाचूनही मुखपृष्ठावरचा आर्मी नंबर एका आकड्यानं चुकलेला होता, तो तिसऱ्यानं, माझ्या भाच्यानं, ट्रंकेशी ताडून पकडला.

तारीख निवडली १५ जानेवारी २०२५. त्या दिवशी लष्कर दिन. १९४९ला जनरल करिअप्पांनी सैन्याची सूत्रं हाती घेतली तो दिवस. खाशाबांचा जन्मदिवसही तोच, आणि आता राज्यात तो क्रीडा दिन म्हणून पाळतात. याहून नेमका दिवस शोधून मिळाला नसता. फक्त तो किंक्रांतीचा दिवस होता. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कसलं कार्य, म्हणून आत्या अडून बसल्या. आई म्हणाली, ‘कार्य कुठं हाय, पोरं पळवायचीत.’ तोडगा निघाला. दुसरी अडचण अशी की त्या वर्षी लष्कर दिनाचं संचलन पहिल्यांदाच पुण्यात होतं, त्यामुळे येऊ म्हणालेले पाच-सहा माजी सैनिक तिकडं गेले. तारीख ठरवताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी पुण्यातच राहते.

मंडप घातला नाही. माळावर सतरंज्या, एक स्पीकर (८०० रुपये), तीळगूळ घरचे. भाषणं दोनच. मग आबांच्या वह्यांतली जी पोरं आता फौजेत, पोलिसांत, काही ऊसतोडीवर, काही दुबईत आहेत, त्यांतली सुट्टीवर असलेली नऊजण आणि सध्याची चौदा पोरं सोळाशे मीटर पळाली. शिट्टी आबांची. वेळ लिहायला तात्या बसले, नव्या वहीत, अठराव्या. सकाळी चौकातून येताना पाहिलं तर वर्षभर ऊन खाऊन पांढरा पडलेला तो फ्लेक्स खांबावर नव्हता. मी विचारलं नाही.

सुभेदार काका पुण्याला गेले नव्हते. नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून खटावहून आले होते, डोक्याला कानटोपी, कोटावर पदकं, त्यात पूर्वी स्टार. कार्यक्रम संपल्यावर ते सतरंजीवर एका बाजूला बसले आणि स्मरणिका उघडून बोटानं ओळीन्‌ओळ वाचू लागले. पान अकरावर बोट थांबलं. तिथं मी लिहिलंय: ‘आबा जमालपूरला नव्हते. फेब्रुवारी १९७२मध्ये ते पलटणीत रुजू झाले आणि लढाईत गेलेल्या एका जवानाची खाट त्यांना मिळाली.’ काकांनी ते दोनदा वाचलं असावं. मग माझ्याकडं बघून चार बोटं वर केली.

‘चार प्रती दे. एक मला, दोन पोरांना. एक त्याच्या घरी. भाऊ हाय अजून.’

मी पाटीवर लिहिलं: ‘पत्ता?’ त्यांनी गावाचं नाव सांगितलं, देवळाच्या मागचं घर म्हणाले, पोस्ट कुठलं तेही सांगितलं. पिनकोड त्यांना माहीत नव्हता. नातवानं मोबाइलवर शोधून दिला.